सुतळी, मल्टिमीटर आणि थंड इंजिन : इंदुरात जुनी क्रूझर मोटरसायकल कशी पारखावी

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर एक गोष्ट ठणकावून सांगा : "मी सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी हाताची मागची बाजू इंजिनाच्या फिन्सजवळ आणि सायलेन्सरच्या बेंड पाइपजवळ न्या. ऊब जाणवली तर गाडी आधीच तापवून ठेवलेली आहे. अशक्त बॅटरी, चोंदलेला कार्बोरेटर, सैल टायमिंग चेन, गेलेलं व्हॉल्व्ह सील, हे सगळं थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलतं. इंजिन तापलं की यातलं निम्मं झाकलं जातं. तापलेली गाडी दिसली तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

पण क्रूझर, म्हणजे बुटकी, पाय पुढे ठेवून चालवायची मोटरसायकल, घेताना खरा फटका बसतो तो चेसिस (गाडीचा सांगाडा), पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि कागद या तीन ठिकाणी. पिस्टन-रिंग कुठल्याही शहरात बदलून मिळतात. हेडपाइपपाशी (हँडल ज्या नळीत फिरतं तिथे) वाकलेली फ्रेम किंवा दुसऱ्याच राज्यात अडकलेली आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, मात्र वर्षानुवर्षं मनस्ताप देते. म्हणून या लेखात या तिघांवर जास्त जागा खर्च केली आहे आणि क्रोमच्या चकाकीवर अजिबात नाही.

कोणती गाडी, कुठल्या सालची

इंदूरच्या बाजारात जुन्या क्रूझरमध्ये मुख्यतः तीन घराणी दिसतात : बजाज ॲव्हेंजर, रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड आणि मीटिऑर ३५०. ॲव्हेंजर २००५ मध्ये १८० सीसीची म्हणून आली, पुढे २०० आणि २२० झाली. २२० चं इंजिन सोपं आहे, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, आणि बुटक्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. थंडरबर्ड २०२० मध्ये बंद झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या जागी मीटिऑर आली. पैसे थोडे जास्त पडले तरी थंडरबर्डपेक्षा मीटिऑर घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ३४९ सीसीचं नवं जे-सिरीज इंजिन कमी थरथरतं आणि चेसिसही अधिक भरवशाची आहे. थंडरबर्ड घ्यायचीच असेल तर तिचा जाणकार मिस्त्री आधी शोधून ठेवा, गाडी नंतर.

सालाचं गणित डोक्यात ठेवा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला. म्हणजे २०१९ च्या उत्तरार्धातल्या ॲव्हेंजरला एबीएस आहे आणि कार्बोरेटरही आहे. ज्यांना घरच्या घरी कार्बोरेटर उघडून साफ करता येतो, त्यांच्यासाठी ही फार चांगली जोडी. मीटिऑर डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेली असेल तर एक विचारा : त्या काळातल्या मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट गाड्या इग्निशन कॉइलच्या दोषासाठी कंपनीने मे २०२१ मध्ये परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगतं, काम झालं आहे की नाही.

घरातून निघण्याआधी

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपमध्ये टाका. नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते, फायनान्सची नोंदही बहुधा दिसते. ई-चलानच्या साइटवर थकलेली चलानं पाहा. सिग्नलवरचे कॅमेरे वाढल्यापासून एकेका गाडीवर चार-पाच चलानं पडून असणं नवलाचं नाही, आणि ती भरल्याशिवाय नाव बदलत नाही.

विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. आरसीवर नाव तुमचंच आहे का? आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? दोन्ही किल्ल्या आहेत का? दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ऑनलाइन अर्जाचा ओटीपी त्याच नंबरवर जातो. मालक गाव सोडून गेलेला, नंबर बंद पडलेला, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी पुढे अडते.

नंबरांची छाप

पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल सोबत न्या. चेसिस नंबर हेडपाइपवर, हँडलच्या खाली कोरलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की दिसतो. ओल्या फडक्याने जागा पुसा, कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने घासा. छापेत सगळे आकडे एका उंचीचे आणि एका खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा आकडा तिरपा किंवा जास्त खोल असेल, भोवतालचा पत्रा ग्राइंडरने घासल्यासारखा गुळगुळीत असेल, तर तिथूनच परत फिरा. इंजिन नंबरही असाच काढून दोन्ही आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. ही छाप जपून ठेवा. आरटीओच्या एनओसीच्या (ना-हरकत दाखल्याच्या) फॉर्मवर अशीच लागते.

सुतळीची कसोटी

क्रूझरचे फोर्क तिरपे आणि लांब असतात. समोरून धडक बसली की तो सगळा जोर हेडपाइपच्या वेल्डिंगवर येतो. त्यामुळे किरकोळ अपघातातही क्रूझरची सरळ रेघ बिघडू शकते, आणि नवा रंग दिला की डोळ्यांना काही दिसत नाही. पाच मीटर सुतळी मात्र खोटं बोलत नाही.

गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला लावा. स्टँड नसेल तर एकाने बसून ती अगदी उभी धरायची. सुतळीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागे, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर धरा आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढे न्या, पुढच्या चाकाच्याही पलीकडे. वाटेत सायलेन्सर किंवा स्टँड लागला तर उंची थोडी बदला. दोन्ही दोऱ्या ताणून एवढ्याच आत आणा, की मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसत्या टेकतील. आता हँडल असं धरा, की पुढच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर सारखं राहील. मग डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर पट्टीने मोजा.

ॲव्हेंजर २२० चा मागचा टायर १३० मिलिमीटरचा, पुढचा ९० चा. मीटिऑरचा मागचा १४०, पुढचा १००. दोन्हींत फरक ४०, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २० मिलिमीटर यायला हवेत. टायरच्या मेकप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. महत्त्वाचं हे, की दोन्ही बाजू सारख्या असाव्यात.

एकीकडे १३ आणि दुसरीकडे २७ आले तर लगेच फ्रेमला दोष देऊ नका. मागच्या चाकाच्या चेन ॲडजस्टरवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या घरात आहेत का ते पाहा. पंक्चरवाल्याने चाक तिरपं बसवलेलं असू शकतं. खुणा जुळवा आणि पुन्हा मोजा. तरीही पाच-सहा मिलिमीटरच्या वर फरक राहिला तर फ्रेम किंवा मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंग आर्म) वाकलेला आहे. अशी गाडी घेऊ नका. आणखी एक शक्यता : चाकं एका रेषेत आहेत, पण हँडल वाकडं दिसतंय. हे बहुधा नुसतं फोर्क त्यांना धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये पिळले गेल्यामुळे होतं. बोल्ट ढिले करून ते सरळ करता येतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

याच वेळी टॉर्च लावून हेडपाइपचं वेल्डिंग पाहा. रंगाला सुरकुती, केसासारखी भेग, किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग म्हणजे धोक्याची खूण. हँडल ज्यावर जाऊन थांबतं तो लोखंडी अटकाव दोन्ही बाजूंना शाबूत हवा. एका बाजूचा चेपलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे. फूटपेगच्या खालचं टोक दोन्हीकडे घासलेलं असेल तर चिंता नको. गाडी बुटकी असल्यामुळे वळणावर ते घासतंच. एकाच बाजूचं फूटपेग, लिव्हरचं टोक, हँडलचं टोक आणि आरसा घासलेले असतील तर त्या बाजूला गाडी पडली आहे.

फोर्क आणि कोन सेट

पुढचं चाक जमिनीपासून उचलून धरायला एक माणूस हवा. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे फिरवा. अगदी मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं क्षणभर अडकलं, तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. आपल्याकडे गाडी सरळ रस्त्यावरच जास्त चालते, त्यामुळे छर्रे नेमके त्या एका जागी आदळून खड्डे पाडतात. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टक-टक जाणवली तर तो निदान कसायला तरी हवा. कोन सेट बदलणं मोठं काम नाही, पण हा मुद्दा भाव कमी करायला वापरा.

फोर्कच्या चकचकीत नळीवर नख फिरवा. गंजाचे बारीक खड्डे नखाला लागले तर नवं ऑइल सील टाकूनही ते पुन्हा फाटेल. समुद्राकाठच्या गाड्यांत हे सर्रास आढळतं. इंदूरच्या अनेक मराठी घरांत मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकाची 'कमी चाललेली' गाडी घ्यायचा बेत ठरतो. तिथल्या खाऱ्या हवेने स्पोक, सायलेन्सरचा खालचा पत्रा आणि टाकीचा तळ खाल्लेला असतो, किलोमीटर कितीही कमी असले तरी.

पुराची गाडीही ओळखता आली पाहिजे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२४ मध्ये बडोद्यात पाणी शिरलं, आणि बडोदा इंदुरापासून काही लांब नाही. सीट काढून फ्यूजचा डबा उघडा, हेडलाइटच्या आतली कड पाहा, वायरिंगचे दोन-तीन सॉकेट ओढून बघा. आत बारीक गाळ किंवा तांब्यावर हिरवी पूड दिसली, तर ती गाडी जन्मभर इलेक्ट्रिशियनच्या दारात उभी राहील.

चाकं, चेन आणि खालची बाजू

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर नऊ हजार किलोमीटर असताना टायर गाडीच्या सालानंतर तीन वर्षांनी बदललेले दिसले, तर मीटर फिरवलेलं असण्याची शक्यता मोठी. ब्रेक पेडलचं रबर आणि डिस्कच्या काठावरची उभी कड याच हिशेबाने पाहा. ॲव्हेंजरच्या मागच्या १५ इंची टायरचा आकार, १३०/९०-१५, प्रत्येक दुकानात मिळत नाही. तो झिजलेला असेल तर नव्याचा भाव आधी विचारून घ्या.

स्पोकचं चाक असेल तर पेनाने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. कसलेली तार टणक वाजते, ढिली बद्द. चेन खालच्या बाजूला मध्यावर २५ ते ३० मिलिमीटर हलावी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मग मागच्या स्पॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. दाता अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर अख्खा चेन-स्पॉकेट सेट बदलायला हवा.

खाली वाकून क्रँककेसचा तळ आणि सायलेन्सरची खालची बाजू बघा. दोन माणसं बसवून कॉलनीतल्या उंच स्पीडब्रेकरवरून नेलेल्या क्रूझरचा तळ हमखास चेपलेला असतो. सायलेन्सरचा पोचा चालेल, इंजिनाच्या तळाला तडा चालणार नाही. माळव्याची काळी माती मागच्या चिमट्यावर आणि ब्रेक ड्रमभोवती वाळून दगड होते आणि खाली गंज धरते, म्हणून पेचकसाने थोडी खरवडून आत पाहा.

टाकीत मोबाइलच्या टॉर्चने डोकवा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. अर्धी टाकी भरून महिनोन्महिने उभ्या असलेल्या थंडरबर्डच्या मोठ्या टाकीत तळाला लाल गंज धरतो आणि तो पुढे कार्बोरेटरमध्ये उतरतो.

बॅटरी आणि सेल्फ

ॲव्हेंजर २२० ला आणि मीटिऑरला किक नाही. बॅटरी बसली की गाडी बसली, म्हणून साधा मल्टिमीटर सोबत असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर अशक्त. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली कोसळू नये. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. कमी दिसले तर चार्जिंग कॉइल किंवा आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), १५ च्या वर गेले तर नक्की आरआर युनिट. अशी गाडी नवी बॅटरीही शिजवून टाकते.

थंडरबर्ड ३५० च्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) एक खास दुखणं आहे : स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा एकाच दिशेने पकडणारा क्लच. अशक्त बॅटरीवर वारंवार सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं आणि स्प्रॅगचे रोलर झिजतात. मोटर 'गर्रर्र' फिरते, इंजिन मात्र फिरत नाही, किंवा 'कड्' असा धातूचा आवाज येतो. "सेल्फ थोडा त्रास देतो, किकने घ्या" असं कुणी म्हणालं तर हेच समजा. दुरुस्तीला क्लचची बाजू उघडावी लागते, खर्च हजारांत जातो.

चालू केल्यावर

धूर पाहायला एकाला मागे उभं करा. सुरुवातीची पांढरी वाफ मिनिट-दोन मिनिटांत जाते, ती चालते. चालू करताच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. तापल्यावर रेस दिली की निळा धूर येत राहिला तर रिंग गेल्या, गाडी तेल खाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते जुळवता येतं.

वरून 'टिक-टिक' आवाज येत असेल तर ठरलेलं उत्तर मिळतं : "टॅपेट सेट केले की जाईल." थंडरबर्डच्या यूसीई इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे आहेत, ते सेट करायचे नसतातच. तापल्यावरही आवाज राहिला तर लिफ्टर किंवा तेलाच्या दाबाकडे बघावं लागेल. ॲव्हेंजरमध्ये दोन स्पार्क प्लग आहेत. एक मेला तरी गाडी चालते, फक्त पिकअप आणि एव्हरेज मरतं. रबरी हातमोजे घालून एका प्लगची कॅप काढा, मग ती लावून दुसऱ्याची काढा. एखादी काढल्यावर काहीच फरक पडला नाही तर तो प्लग आधीच मेलेला आहे. हे इंजिन बंद करून, कॅप काढून, पुन्हा चालू करून करायचं; चालू इंजिनात हात घालाल तर झटका बसेल.

चालवून पाहताना

कॉलनीतली एक फेरी उपयोगाची नाही. राजेंद्र नगर किंवा रामबागेतून निघालात तर भंवरकुआच्या गर्दीतून जा, खंडवा रोडला लागा, तेजाजी नगर ओलांडून सिमरोळपर्यंत जाऊन या. गर्दीत इंजिन तापतं, मोकळ्यावर वेग मिळतो आणि चढही लागतो. निघण्याआधी विमा आणि पीयूसी चालू असल्याची खात्री करा, मालकाला मागे बसवा. मागे माणूस असताना शॉकॉप्सर तळाला आदळतात का, हेही त्यातच कळतं.

चौथ्या गिअरमध्ये ४०-४५ च्या वेगाने असताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा. आवाज वाढला पण वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच प्लेट घसरते. हँडलवरची पकड सैल करून वेग ६० वरून ४० वर उतरू द्या, हात सोडू नका. हँडल थरथरायला लागलं तर टायर, कोन सेट किंवा चाकाचा तोल यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. गाडी तापल्यावर सिग्नलला न्यूट्रल लागतो का, बंद करून लगेच पुन्हा सुरू होते का, हे पाहा. परत आल्यावर इंजिनाखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि कागद वाचायला बसा. दहा मिनिटांत तेलाचा थेंब असेल तर दिसेल. ॲव्हेंजरमध्ये ऑइल कूलरच्या पाइपांचे जोड खास तपासा.

आणि स्वतःच्या शरीराचंही ऐका. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्ड्याचा दणका पायांनी झेलता येत नाही, तो सरळ माकडहाडावर येतो. पाऊण तासाने कंबर बोलायला लागली तर गाडी निर्दोष असली तरी ती तुमची नाही.

भाव

विम्याच्या आयडीव्हीचा (विम्यासाठी गाडीची धरली जाणारी किंमत) तक्ता चांगला आधार आहे : नव्याच्या किमतीतून १ ते २ वर्षांच्या गाडीला २० टक्के, २ ते ३ ला ३०, ३ ते ४ ला ४० आणि ४ ते ५ ला ५० टक्के घट. आज दोन लाख एक्स-शोरूम असलेलं मॉडेल साडेतीन वर्षांचं असेल तर एक लाख वीस हजारांपासून बोलणं सुरू करा. रॉयल एनफिल्डवाले याच्या वर अडून बसतात, ॲव्हेंजर बहुधा आसपास किंवा खालीच सुटते. त्यातून टायर, चेन सेट, बॅटरी, कोन सेट यांचे खरे भाव वजा करा. बॅगा, जाडजूड बंपर, महागडा सायलेन्सर यांचे पैसे देऊ नका. आवाजाचा सायलेन्सर बेकायदा आहे आणि त्यावर दंड तुम्ही भरणार. मूळ सायलेन्सर परत मिळत असेल तरच सौदा करा.

कागद

सह्या केलेले कोरे फॉर्म हातात देऊन "नाव केव्हाही करा" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, आणि तुम्हीही नाव बदलणं टाळू नका. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही भरलेले, तारखेसह हवेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. नाव बदललं नाही तर अपघाताच्या भरपाईत कायद्यापुढे मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. ही बाब विकणाऱ्याला समजावून सांगा, तोच मग घाई करेल.

आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. टोकन थोडं द्या, बाकी बँकेतून. साध्या कागदावर विक्रीपत्र लिहा : दोघांची नावं, चेसिस आणि इंजिनाचे नंबर, रक्कम, मीटरचं वाचन, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ. वेळ लिहिली की त्याआधीचं चलान कुणाचं, हा वादच उरत नाही.

इंदूरची एमपी ०९, देवासची ४१, उज्जैनची १३, धारची ११, या गाड्यांचं काम राज्यातच उरकतं. पुण्या-मुंबईची एमएच गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आधी, मग इथे फॉर्म २७, नवा नंबर आणि मध्य प्रदेशचा कर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. हा कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओत किंवा परिवहनच्या साइटवर आकडा काढा आणि मगच मावसभावाला होकार द्या. पंधरा वर्षं होत आलेली गाडी असेल तर नूतनीकरण फक्त पाच-पाच वर्षांचं मिळतं, तेही तपासणी करून.

विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. सप्टेंबर २०१८ नंतरच्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नसतो. पॉलिसीत दोन्ही तारखा वेगळ्या वाचा.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेकचं तेल आणि फोर्कचं तेल बदला. जुन्या मालकाने कधी बदललं, हे विचारत बसू नका. एनफिल्डला १५डब्ल्यू-५०, ॲव्हेंजरला २०डब्ल्यू-५०, ब्रेकला डॉट-४. जुनं तेल पांढऱ्या तसराळ्यात काढून उन्हात हलवून बघा. चंदेरी बारीक भुकटी थोडी असते. चिमटीत धरता येईल असा तुकडा निघाला, तर त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवा.